पानाखालची लव

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शिरगावात आठ-नऊ दिवस पावसाने डोकं वर काढू दिलं नाही. एका सकाळी जरा उघडीप मिळाली म्हणून परसात गेले, तर मांडवावरच्या द्राक्षाच्या पानांवर पिवळट डाग दिसले. कुणी फोडणीचा हात पानाला पुसावा तसे तेलकट. एक पान उलटं केलं आणि हात आपोआप मागे घेतला. डागाच्या बरोबर पाठीमागे पांढरं, दाट, कापसासारखं काहीतरी उगवलं होतं.

त्याच वेलीच्या बुडातून, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक जोमदार फूट निघाली होती. तिचीही पानं उलटून पाहिली. तिथेही पांढरं. शेंड्याकडच्या कोवळ्या पानांची तर अख्खी पाठ पांढुरकी. मी घाबरून कात्री आणली आणि आधी त्या फुटीची पानं छाटली, कारण ती सगळीच्या सगळी पांढरी होती. मांडवावरची पानं ‘डाग थोडेच आहेत’ म्हणून राहू दिली. मी नेमकं उलटं केलं होतं. निरोगी पानं कचऱ्यात गेली आणि रोगट पानं वेलीवर राहिली. असं का झालं ते समजून घेता घेता पावसाळा सरला, हिवाळाही निम्मा गेला.

मी चिंचवडला फ्लॅटमध्ये वाढले. शिरगावला राहायला येऊन तीन वर्षं झाली. प्रति शिर्डीच्या साईमंदिरामुळे गाव लोकांच्या ओळखीचं आहे, गुरुवारी रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. त्या गजबजीतून पवनेच्या बाजूला उतरलं की मात्र भाताची खाचरं. इथे इंद्रायणी तांदूळ होतो, ऊस होतो. द्राक्षाचा विचार कुणी करत नाही. तासगावकडच्या माझ्या मावसभावाची द्राक्षबाग आहे. त्याने माझ्या हौसेखातर थॉमसनचं कलम केलेलं एक रोप पिशवीतून आणून दिलं आणि लावतानाच म्हणाला होता, “ताई, मावळात पाऊस लई. आधीच सांगून ठेवतोय.” मला त्यात काळजी करण्यासारखं काही वाटलं नव्हतं. पाऊस चांगला तर झाड चांगलं, एवढीच माझी समजूत.

त्याला फोटो पाठवले. पाच मिनिटांत फोन आला. “डाऊनी आलीया. जुनी माणसं केवडा म्हणतात. आणि ती बुडातली फूट कशाला ठेवलीयास? ती खुंटाची हाय.”

“तिच्यावर तर वरच्यापेक्षा जास्त आहे रे. सगळी पानं पांढरी.”

“ती लव हाय ताई. त्या पानाच्या अंगचीच. तिला काय झालेलं न्हाई.”

मी कचऱ्याच्या बादलीतून एक पान परत काढलं. निरखून पाहिल्यावर फरक दिसला. मांडवावरच्या पानाची पांढरी बुरशी डागापुरती होती आणि बोट फिरवलं की पुसली जात होती. खुंटाच्या पानाची लव शिरांवरून, शिरांमधून सगळीकडे सारखी पसरलेली, कोळ्याच्या जाळ्यासारखी, पानाला घट्ट धरून. ती बोटाने हलेना.

खुंट म्हणजे काय, हेही मला त्या दिवशीच नीट कळलं. माझी वेल दिसायला एक असली तरी झाडं दोन आहेत. वरचं थॉमसन, खालचं डॉगरिज. डॉगरिज हे अमेरिकेतल्या रानटी द्राक्षाचं, व्हायटिस चँपिनी जातीचं. दुष्काळ आणि पाण्यातला क्षार सोसण्याची ताकद त्याच्या मुळांत असते, म्हणून आपल्याकडच्या बागांत ते खुंट म्हणून लावतात आणि त्यावर हव्या त्या जातीचं कलम बांधतात. जोडाखालून एखादी फूट निघाली तर ती डॉगरिजचीच निघते. बागायतदार ती दिसताक्षणी मोडून टाकतात, कारण ती वरच्या वेलीचं अन्न खाते.

माझी मात्र झोप उडाली ती यानंतर. मूळ एक, माती एक, पाऊस तोच, दोन पानांत अंतर जेमतेम पाच फूट. मग थॉमसनचं पान का कुजावं आणि डॉगरिजचं का नाही? मी समजत होते की ताकद मुळातून वर चढते. चांगलं शेणखत घातलं, मूळ दणकट असलं की पानही दणकट. म्हणून डाग दिसल्यावर पहिल्याच दिवशी मी बुडात दोन घमेली शेणखत ओतलं होतं. मावसभाऊ म्हणाला, आता कोवळी फूट आणखी येणार आणि डाऊनीला ती आणखी आवडणार. मुळाने पाणी दिलं, क्षार अडवला, पण पानाच्या दारात आलेल्या शत्रूशी पानालाच झुंजावं लागतं. थॉमसनच्या पानाला ते जमत नाही. डॉगरिजवर बसवलं म्हणून त्याला डॉगरिजचं शहाणपण येत नाही.

तळेगावला ओळखीच्या एक वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांच्याकडे जुना सूक्ष्मदर्शक आहे. दोन्ही पानं ओल्या फडक्यात गुंडाळून मी त्यांच्याकडे गेले. बाईंनी थॉमसनच्या पानाची पांढरी बुरशी थेंबभर पाण्यात झटकली, काचेवर ठेवली आणि म्हणाल्या, “आता तासभर थांबा.” आम्ही चहा प्यायलो. मग त्यांनी मला डोळा लावायला सांगितलं.

लिंबाच्या आकाराच्या बारीक पिशव्या दिसत होत्या. त्यातली एक माझ्या देखत उघडली आणि तिच्यातून चार-सहा ठिपके बाहेर पडून पोहायला लागले. खरोखर पोहायला. प्रत्येकाला दोन शेपट्या असतात असं बाईंनी सांगितलं. माझ्या पानावर बसलेलं हे जे काही होतं, ते पाण्यात पोहत होतं! बाई म्हणाल्या, याला आपण सवयीने बुरशी म्हणतो, पण हा खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. प्लाझ्मोपारा विटिकोला याचं नाव, आणि याचं कूळ शेवाळाच्या काही जातींना जवळचं. म्हणून याला पाण्याचा पातळ का होईना, पण सलग थर लागतो. तो मिळाला की हे ठिपके पोहत पोहत पर्णरंध्र शोधतात. द्राक्षाच्या पानाची रंध्रं फक्त खालच्या बाजूला असतात. रंध्राशी पोचले की शेपट्या टाकून देतात, तिथेच चिकटतात आणि एक बारीक नळी रंध्रातून आत सोडतात. आत शिरल्यावर पेशींमध्ये शोषकं रुतवून खाणं सुरू. चार-सहा दिवसांनी वरून तेलकट डाग दिसतो. मग एखाद्या दमट रात्री त्याच रंध्रांतून झाडासारख्या फांद्या बाहेर येतात आणि त्यांच्या टोकांना पुन्हा त्या लिंबासारख्या पिशव्या लागतात. मला सकाळी दिसलेला कापूस रात्रीतून उगवलेला होता तो असा.

मग बाईंनी ड्रॉपर घेतला आणि दोन्ही पानांच्या पाठीवर पाण्याचे थेंब सोडले. थॉमसनची पाठ जवळजवळ गुळगुळीत. थेंब पसरला आणि पान ओलं झालं. डॉगरिजच्या कोवळ्या पानावर थेंब लवेवर उभा राहिला, अळूच्या पानावर राहतो तसा गोल. पान जरा कलतं केलं की घरंगळत खाली. त्याच्याखालचा पानाचा भाग कोरडा. पोहणाऱ्याला पाणी होतं, पण ते रंध्रापर्यंत पोचतच नव्हतं, मध्ये हवेचा थर राहत होता. तो थेंब मी कितीदा सोडून पाहिला असेल! जी लव मी रोग म्हणून कापून टाकली, ती त्या पानाची छत्री होती.

पण एवढ्यावर सगळं भागत नाही, असं बाई म्हणाल्या. अभ्यासकांनी अशा केसाळ पानांचा पाणी झटकण्याचा गुण साबणासारख्या द्रव्याने घालवून पाहिला आहे. काही जातींना मग रोग लागला, काहींना तरीही लागला नाही. म्हणजे लवेच्या आत आणखी काहीतरी आहे.

ते काय, हे पाहायला मी घरी प्लॅस्टिकचा एक डबा घेतला. तळाशी ओला टिश्यू पेपर, त्यावर दोन्ही प्रकारची जून पानं पाठ वर करून ठेवली. जून अशासाठी की डॉगरिजच्या जुन्या पानावर लव विरळ होते. रोगट पानाची बुरशी धुतलेलं पाणी दोन्हींवर थेंब थेंब सोडलं, झाकण लावलं आणि डबा खिडकीपासून लांब, गार जागी ठेवला. सहाव्या दिवशी सकाळी थॉमसनच्या पानावर कापूस. डॉगरिजच्या पानावर कापूस नव्हता, पण सुईच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके उठले होते. माझ्या काळजात धस्स झालं. मला वाटलं, यालाही लागलाच शेवटी.

फोटो बाईंना पाठवले. त्यांचं उत्तर आलं, “हा रोग नाही. पानाने आपल्या पेशी स्वतःच मारल्या आहेत.”

हे वाक्य मला पचेना. झाड आपल्याच पेशी का मारेल? दोन दिवस हेच डोक्यात घेऊन हिंडत होते. शेजारचे नाना खाचरात भाताची लावणी उरकून बांधावर बसले होते, त्यांना ते ठिपके दाखवले. नानांनी पान उजेडात धरलं. “भातावर करपा पडतो, तो असा दिसत नाय. करपा पसरतो. हे जागच्या जागी थांबलंय.” मी त्यांना पेशी मरण्याचं सांगितलं. ते म्हणाले, “मग काय नवल? उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला की आपण पुढचं गवत आधीच जाळून ठेवतो. आगीला खायला काय राहिलं नाय की थांबते.”

वनखात्याची माणसं याला जाळरेषा म्हणतात. मावळातल्या डोंगरांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या काळ्या पट्ट्या मी कितीदा पाहिल्या होत्या. नानांच्या त्या वाक्याने माझं कोडं सुटलं, कारण केवडा फक्त जिवंत पेशीवर जगतो. मेलेल्या पेशीतून त्याला काही मिळत नाही. पानाला शत्रू वेळेत ओळखता आला, तर तो शिरलेल्या जागेभोवतीच्या मोजक्या पेशी मरून जातात आणि तो उपाशी कोंडला जातो. थॉमसनलाही शत्रू अगदीच कळत नाही असं नाही, पण फार उशिरा कळतो. तोवर तो पानभर पसरलेला असतो. सगळा फरक त्या पहिल्या एक-दोन दिवसांतला आहे.

त्याच वेळी पान आणखी एक काम करतं. द्राक्षाच्या वेलीला रेझव्हेराट्रॉल नावाचं द्रव्य बनवता येतं. लाल वाइनच्या गुणांच्या चर्चेत हे नाव ऐकलं होतं, पण ते मुळात पानाचं हत्यार आहे हे ठाऊक नव्हतं. रोगाची चाहूल लागली किंवा अतिनील किरणांचा मारा झाला की द्राक्षाच्या पानात ते तयार होतं, हे १९७६ साली दाखवलं गेलं. नुसतं रेझव्हेराट्रॉल तसं सौम्यच. प्रतिकारक जातींचं पान त्याच्या जोड्या लावून व्हिनिफेरिन बनवतं, किंवा थोडा बदल करून टेरोस्टिल्बीन. ही द्रव्यं त्या पोहणाऱ्या ठिपक्यांची हालचालच थांबवतात. रोगाला लवकर बळी पडणाऱ्या जाती तेच रेझव्हेराट्रॉल साखरेला बांधून ठेवतात आणि मग त्याची धार जाते. कच्चा माल दोघींकडे सारखाच. याशिवाय काही रानटी जाती रंध्राच्या तोंडाशी कॅलोज नावाच्या द्रव्याचं लिंपण घालतात, भिंतीची भेग बुजवावी तसं. हे मी वाचलेलं आहे, डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

मग थॉमसनलाच हे का येऊ नये? याचं उत्तर मला इतिहासात सापडलं, आणि वाईटही वाटलं. केवडा मूळचा उत्तर अमेरिकेतला. तिथल्या रानटी द्राक्षांच्या किती पिढ्या त्याच्या सोबत वाढल्या. ज्या टिकल्या, त्यांच्याकडे लव होती, शत्रूची ओळख होती. थॉमसन, काळी शरद, युरोपातल्या वाइनच्या जाती, या सगळ्या व्हायटिस व्हिनिफेरा कुळातल्या, जुन्या जगातल्या. त्यांची या रोगाशी कधी गाठच पडली नव्हती. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या मुळांवरच्या किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा तोड म्हणून अमेरिकेतून रानटी द्राक्षांचे खुंट आणले गेले. त्याच अमेरिकी लागवडीबरोबर केवडा आला आणि १८७८ मध्ये फ्रान्समध्ये दिसला. मूळ वाचवायला जे झाड आणलं, त्याच्या सोबत पानाचा काळ आला. फ्रान्समधल्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना भीती वाटावी म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडत. त्याच वेली रोगातून वाचल्याचं वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी पाहिलं आणि १८८५ मध्ये त्याचं मिश्रण जाहीर केलं. तेच आपलं बोर्डो मिश्रण.

आमच्या परसात बोर्डो मीच केलं, दहा लिटरला शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम चुना, दोन वेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत. मावसभाऊ फोनवर होता. त्याने लोखंडी खिळा बुडवून बघायला लावला. खिळा तांबूस झाला तर तांबं मोकळं आहे, पान जळेल, चुना वाढव. पहिल्यांदा तांबूस झाला. चुन्याची निवळी वाढवल्यावर खिळा जसाच्या तसा निघाला, मग फवारणी केली. त्याच्या बागेत तर ऑक्टोबर छाटणीनंतर परतीचा पाऊस लागला की रात्री उठून फवारावं लागतं. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या वेळी झालेल्या पावसाने राज्यातल्या बागांत डाऊनी कशी घुसली आणि घडच्या घड कसे गेले, हे तो आजही सांगताना मध्येच थांबतो. पानाची स्वतःची ताकद हा त्याच्यासाठी कुतूहलाचा विषय नाही. त्यात त्याचं कर्ज आहे, फवारताना नाकातोंडात जाणारं औषध आहे.

डिसेंबरात थंडी पडली, पाऊस गेला. मला वाटलं सुटलो. तेव्हा पानांच्या वरच्या बाजूला राखेसारखी भुकटी दिसू लागली. तिसरं पांढरं! ही भुरी. हिला ओलं पान नको असतं, कोरड्या गार दिवसांत ती फोफावते. ही खरी बुरशी, आणि रंध्राची वाट न धरता थेट पानाच्या कातडीला भोक पाडते. त्यामुळे लवेची छत्री इथे फारशी उपयोगाची नाही. इथे पेशी आतून, नेमक्या टोचल्या जाणाऱ्या जागी, भिंत जाड करते. तरीही आत शिरलीच तर पुन्हा तीच जाळरेषा.

भुरीबद्दल वाचताना मला या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट सापडली. अमेरिकेतल्या नदीकाठच्या रानटी द्राक्षाच्या, व्हायटिस रिपारियाच्या, पानाखाली शिरा जिथे फुटतात त्या बेचक्यांत केसांचे छोटे झुपके असतात. त्यांत डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोळी राहतात. ते पान खात नाहीत. बाहेर पडून भुरी खातात. न्यूयॉर्क राज्यातल्या अभ्यासकांनी ते झुपके बंद करून पाहिले, तर कोळी घटले आणि भुरी वाढली. पानाने राखणदारांना राहायला खोल्या बांधून दिल्या आहेत! तेव्हापासून मी भिंग घेऊन प्रत्येक पानाची बेचकी बघत असते. माझ्या वेलीवर अजून काही सापडलेलं नाही. शिवाय भुरीसाठी मी गंधक मारलं होतं. ते कोळ्यांनाही मारतं, हे नंतर कळलं.

पान स्वतः लढेल अशी वेल आपल्याकडे कुणी घडवली आहे का, असं मी बाईंना विचारलं. घडवली आहे. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेने कटॉबा आणि ब्युटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ ही जात काढली. कटॉबात अमेरिकी व्हायटिस लॅब्रुस्काचं रक्त आहे, तिच्याकडून बुरशीजन्य रोगांना तोंड देण्याची ताकद आली. रसासाठी ती चांगली. (संस्था गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आहे, पण तिचं नाव वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांचं. मी इतकी वर्षं दोघांना एकच समजत होते.) मात्र तिच्या मण्यात बी असतं, आणि बाजाराला लांबट, बिनबियांचं हिरवं द्राक्ष हवं असतं. मावसभावाला मी उत्साहाने सांगितलं तर त्याने एवढंच विचारलं, “व्यापारी घेईल का?”

आणि रोगही गप्प बसलेला नाही. युरोपात बियांका नावाची केवड्याला दाद न देणारी जात होती. तिच्यावरही वाढू शकणारा केवडा सापडल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं. म्हणून आता एकाच वेलीत शत्रू ओळखणारे दोन-तीन वेगळे जनुक एकत्र आणायचा प्रयत्न चालतो. अमेरिकेतल्या मस्कडाइन द्राक्षाकडून एक, अमूर नदीकाठच्या आशियाई द्राक्षाकडून दुसरा.

जानेवारीत मावसभाऊ येऊन गेला. त्याने खुंटाची फूट बुडापासून कापली. वरच्या वेलीसाठी ते करणं भागच होतं. ती काडी मी त्याच्याकडून मागून घेतली. तो म्हणाला, डॉगरिजची काडी लवकर मूळ धरत नाही, नाद सोड. मी तिचे तीन तुकडे करून वाळू-मातीच्या कुंडीत खोचले. दोन वाळले. तिसऱ्याचा डोळा फेब्रुवारीच्या शेवटी फुगला आणि काल त्यातून नखाएवढं पान उलगडलं, अजून घडी न मोडलेलं, पाठीकडून पूर्ण पांढरं. मी ड्रॉपर घेऊन गेले आणि त्याच्यावर एक थेंब सोडला.